पाहुण्यांची मिशी

माझी नात अजून नीट बोलत नाही, पण माझ्यासारखी खोकते. सकाळी मी ओट्यावर येऊन घसा साफ करायला लागलो की ती शेजारी उकिडवी बसते, कपाळाला आठ्या घालते, आणि खोकून झाल्यावर माझ्यासारखीच अंगणातल्या कोंबड्यांकडे रागानं पाहते. तिला खोकला नाही. कोंबड्यांशी तिचं वैर नाही. हे तिला कोणी शिकवलेलं नाही, उलट तिची आई पाठीत धपाटा घालते. तरी ती रोज करते, आणि करून झाल्यावर तिच्या तोंडावर जे सुख दिसतं ते गूळ खाताना दिसत नाही.

अमरावतीला एका वकिलांच्या माडीवर हल्ली मंडळी जमतात आणि कला म्हणजे काय यावर बोलतात. पानसुपारी चांगली असते म्हणून मीही जातो. एक गृहस्थ म्हणतात, जिनं मन शुद्ध होतं ती कला. दुसरे म्हणतात, जिचा पोटाशी संबंध नाही ती कला. तिसरे बोलत नाहीत, फक्त मान हलवतात, आणि सगळ्यात जास्त विद्वान तेच दिसतात. घरी येऊन मी त्या तिघांच्या नकला करतो. मान हलवण्याची नक्कल सगळ्यांत अवघड आहे.

माझं म्हणणं साधं आहे. देवानं माणसाला जन्माबरोबर तहान दिली, भूक दिली, झोप आणि भीती दिली, आणि त्याच गाठोड्यात नक्कल करायची खाज टाकून दिली. वासरू गाईच्या मागं चालतं, पण गाय लंगडते म्हणून गंमतीनं लंगडत नाही. माणसाचं पोर लंगडतं. पुढं कुठंतरी त्या खाजेची कला होते. कशी होते ते मला व्याख्येत बसवता येणार नाही, पण ती होताना मी एकदा पाहिली आहे. त्या दिवशी माझं लग्न तिच्यावर टांगलेलं होतं, म्हणून मी फार लक्ष देऊन पाहिली.

ती कापसाच्या तेजीची वर्षं. तिकडं अमेरिकेत भाऊ भावाशी लढत होता, त्यांचा कापूस घरीच अडून पडला होता, आणि विलायतेच्या गिरण्यांना अचानक आमच्या काळ्या रानातला कापूस गोड लागू लागला होता. आमचं गाव अमरावती आणि अकोल्याच्या अधेमधे, रस्त्याला लागून. दिवाळी सरली की कापसाच्या गाड्यांची रांग सुरू व्हायची ती उन्हाळ्यापर्यंत हटायची नाही. कोंबडीला रस्ता ओलांडायचा असला तरी थांबावं लागायचं.

लोकांकडे पैसा आला, पण पैसेवाल्यानं दिसावं कसं हे कोणालाच माहीत नव्हतं. मग ज्याला जो श्रीमंत आधी दिसला त्याच्यासारखा तो दिसायला लागला. ज्यानं जन्म एका धोतरावर काढला तो मखमली अंगरखा घालून वखर हाकायला निघाला. आमच्या गावातल्या एकानं टोल्यांचं घड्याळ आणून गोठ्यात टांगलं. बैलांना वेळ कळते म्हणाला. निम्मं वऱ्हाड त्या काळात सोंग घेऊन फिरत होतं, आणि ही गोष्ट तुम्ही ध्यानात ठेवली नाही तर पुढं तुम्हाला आमच्या घरच्यांची उगाच कीव येईल.

मी तेव्हा ऐन विशीतला, आणि बिनलग्नाचा. माझ्या बरोबरीच्यांची पोरं बैलांना पाणी दाखवण्याइतकी मोठी झाली होती. आमच्या घरात वाईट काही नव्हतं. वाईट होतं ते माझं तोंड. पहिलं स्थळ आलं तेव्हा मुलीचे काका बोलता बोलता एक डोळा मिटत होते. मी समोर बसलो होतो, आणि थोड्या वेळानं माझाही डोळा मिटायला लागला. मी मिटवत नव्हतो, तो मिटत होता. दुसऱ्या स्थळाच्या आजोबांना शिंक यायची, पण पूर्ण यायची नाही. त्यांच्यापुढं मी काय केलं ते सांगत नाही. ते उठून गेले एवढं सांगतो.

आता तिसरं स्थळ चालून आलं होतं, अकोल्याकडचं. आणि योग असा की त्या मुलीला मी पाहिलं होतं. तिकडच्या एका लग्नाच्या पंगतीत ती वरण वाढत होती. तिनं थोडं वरण माझ्या पानावर वाढलं आणि बाकीचं माझ्या शेजाऱ्याच्या धोतरावर, कारण ती माझ्याकडे पाहत होती. निदान मी तसं धरून चाललो होतो. त्या वरणानंतर मला दुसरी कोणी नको होती. मुलीचे वडील सोमवारी घर पाहायला येणार असा निरोप आला, तेव्हा बाबांनी मला गोठ्यात नेऊन बजावलं.

"पाहुने आले का तू भिताडाकडे पाह्य. तोंडावरची रेष हालली तं याद राख. हे स्थळ गेलं तं मी तुले बैलासंगंच बांधीन."

मी कबूल झालो. मला भिंतीकडे पाहणं जमतं. भिंतीची नक्कल करता येत नाही.

नेमका त्याच आठवड्यात परतवाड्याकडून एक बहुरूपी गावात उतरला. मारुतीच्या देवळात मुक्काम, आणि रोज नवं सोंग. आमच्या गावचा एक नेम होता. सोंग ओळखलं तर घरधन्यानं टाळी वाजवून 'ओळखलं' म्हणायचं आणि बहुरूप्यानं त्याला मुजरा करून पुढं जायचं. नाही ओळखलं, तर शेवटच्या दिवशी त्याला सूपभर कापूस द्यायचा. कापसाचं तेव्हा कोणाला काही वाटत नव्हतं, पण फसलो हे गावाला कळायचं, त्याचं फार वाटायचं.

पहिल्या दिवशी तो सरकारी कारकून होऊन आला. बाबांनी त्याला दूध दिलं, बाज टाकून दिली, आणि न विचारता आपल्या शेताच्या चारही बांधांची हकिकत सांगितली. दुसऱ्या दिवशी एक म्हातारी आली. मायच्या माहेरच्या कोणा मावशीचं नाव काढून ती अशी रडली की मायही तिच्या गळ्यात पडून रडली आणि तिला नवं लुगडं देऊ लागली. लुगड्याच्या घडीला हात लावताना म्हातारीच्या मनगटावरचे केस दिसले. बाबा कपाळावर हात मारून घेत राहिले. माय मात्र डोळे पुसत म्हणाली, "त्याचं रडनं खोटं असन. माहं तं खरं होतं ना? भल्लं मोकळं वाटलं मले." ती लुगडं द्यायलाही तयार होती. वकिलांच्या माडीवर इतकं नेमकं मी अजून कोणाकडून ऐकलेलं नाही.

तिसरा दिवस रविवारचा. बाबा पहाटेपासून ओट्यावर दबा धरून बसले होते. आता फसायचं नाही.

त्या दिवशी खरं काय घडलं ते आधीच सांगतो, म्हणजे तुम्ही आमच्याइतके चुकणार नाही. अकोल्याचे पाहुणे एक दिवस आधी निघाले होते, मुद्दाम. घर बेसावध असताना पाहावं, म्हणजे खरं काय ते कळतं, असा त्यांचा हिशेब. गावाबाहेरच्या नाल्यात कापसाच्या गाड्यांची रांग अडली होती. त्यांची गाडी रांगेत रुतली. तेव्हा स्थळ जुळवणारे मध्यस्थ गाडीपाशी थांबले आणि पाहुणे एकटेच पायी पुढं आले.

आम्हाला जे दिसलं ते असं. डोक्यावर जरीचं पागोटं, एवढं मोठं की त्याच्या सावलीत पाहुण्यांच्या मागून एक शेळी चालत होती. अंगात जांभळा मखमली अंगरखा, आणि दिवस फाल्गुनातले. बोटाबोटांत अंगठ्या. छातीवर घड्याळाची साखळी. काखेत विलायती छत्री, मिटलेली, कारण पागोट्यावर ती उघडणार कशी. पायात नवे करकरीत बूट, आणि चाल अशी की जमीन तापलेली आहे आणि हे कोणाला कळू द्यायचं नाही.

बाबांनी मला खांबाआड ओढलं. "तुले पारख हाये. सांग, हाये का तोच?"

मी डोळे बारीक केले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या खोडीला कोणी पारख म्हणत होतं. मी सावकाश सांगितलं की पोट गोधडीचं आहे, खरं पोट चालताना हलतं. मिशी चिकटवलेली आहे, कारण भुवया पांढऱ्या आणि मिशी कोळशासारखी काळी, असा माणूस होत नाही. आणि चाल तर बिलकूल जमलेली नाही, अशी चाल देवानं कोणाला दिलेली नाही. पोट कंबरपट्ट्यात आवळलं होतं, मिशीला सकाळीच कलप लावला होता आणि बूट चावत होते, हे मला कसं कळावं?

पाहुणे अंगणात आले, थांबले, आणि भारदस्त आवाजात म्हणाले की मी तुमच्याकडे घर पाहायला येणारा, अकोल्याकडचा.

बाबांचे डोळे चमकले. सोमवारी पाहुणे येणार हे गावात पोराबाळांना ठाऊक होतं. बहुरूप्यानं ते ऐकलं असणार, आणि बेट्यानं पाहुण्यांचंच सोंग आणलं. बाबांना त्याचं इतकं कौतुक वाटलं की लगेच ओळखलं न म्हणता थोडी मजा करावी असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यांनी वाकून रामराम केला, पाहुण्यांना उलट्या टोपल्यावर बसवलं, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना हातानं खुणा करून बोलावलं. अंगण भरलं. मग बाबांनी अत्यंत आदरानं विचारलं, "पोट्टी तुमच्यावरच गेली का हो पाहुने? मिशीसकट?"

अंगण हसलं. पाहुणे लाल झाले, मग जांभळे झाले, अगदी अंगरख्याच्या रंगाचे. बाबा शेजाऱ्याला म्हणाले, राग पाहा कसा हुबेहूब आणला आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माय दारातून म्हणाली की बिचारा उन्हात एवढं अंगावर घालून फिरतो, त्याला पाणी तरी द्या. पाहुणे उठून उभे राहिले आणि काही बोलणार, तोच बाबांनी टाळी वाजवली, 'ओळखलं' म्हणाले, आणि सोंग उतरवायला म्हणून त्यांची मिशी धरून ओढली.

ती निघाली नाही. बाबांनी डिंकाची तारीफ केली आणि दोन्ही हातांनी ओढली.

पाहुण्यांनी जी बोंब मारली ती नाल्यातल्या गाडीवानांना ऐकू गेली. बाबांच्या बोटांना काळा कलप लागला आणि मिशी जागच्या जागी राहिली. त्याच वेळी त्यांची गाडी येऊन अंगणासमोर उभी राहिली. आतून मध्यस्थ उतरले आणि हात जोडून पाहुण्यांना म्हणाले, "झाली का ओळख?"

अंगण किती लवकर रिकामं होऊ शकतं ते मी तेव्हा पाहिलं. शेळीसुद्धा गेली.

पाहुणे त्याच पावली परत निघाले असते, पण बैल पहाटेपासून जुंपलेले होते आणि नाल्यात ओढून ओढून फेसाला आले होते. ते सोडून, चारा घालून, ऊन कलेपर्यंत थांबण्यावाचून इलाज नव्हता. पाहुणे चौकातल्या निंबाखाली गाडीत आमच्या घराकडे पाठ करून बसले. बूट काढून शेजारी ठेवले. बाबा पागोटं काढून हातात घेऊन गेले आणि तसेच आले. मायनं ताक पाठवलं, ते तांब्यासकट परत आलं. मध्यस्थ लांबूनच मान हलवत होते, वकिलांच्या माडीवरच्या तिसऱ्या गृहस्थांसारखी.

बाबा माझ्याजवळ येऊन बसले. आपल्या काळ्या बोटांकडे पाहून म्हणाले, "दोन स्थळं तुह्या तोंडानं गेली. हे माह्या हातानं गेलं, बाप्पा."

मला वरण आठवत होतं.

ऊन जरा कललं आणि देवळाच्या बाजूनं खरा बहुरूपी आला. तोवर देवळात झोपला होता म्हणे, पण टाळ्या आणि बोंब यांनी जागा होऊन त्यानं भिंतीवरून पुढचं पाहिलं होतं, आणि आधीचं पोरांकडून काढून घेतलं होतं. त्यानं डोक्याला कोणाची तरी फाटकी गोधडी गुंडाळली होती, पोटावर भोपळा बांधला होता, काखेत एरंडाचं पान देठासकट धरलं होतं, आणि ओठावर काजळाची जाड रेघ. तो निंबासमोर आला आणि भारदस्त आवाजात म्हणाला, "मी अकोल्याकडचा."

बाबा त्याला धरायला धावले, पण उशीर झाला होता. तो बसला, लाल झाला, उठला. मग उडी मारून पलीकडे गेला आणि बाबा झाला, बाबांसारखा वाकला, डोळे मिचकावले, आणि हवेतली मिशी दोन्ही हातांनी ओढली. पुन्हा उडी मारून इकडे आला आणि ती बोंब मारली. मग हळूच खांबाआडून डोकावून पोटाची पारख करणारा मी झाला. तो माझा चेहरा इतका शहाणा होता की मला माझीच लाज वाटली.

गाव भिंतींच्या आडून पाहत होतं, पण हसायची कोणाची छाती नव्हती. सगळे पाहुण्यांच्या पाठीकडे पाहत होते. पहिल्या बोंबेला ती पाठ ताठ झाली. मग पाहुण्यांनी मान थोडी वळवली. बहुरूप्यानं दुसऱ्यांदा मिशी ओढली तेव्हा ती पाठ हलायला लागली. आम्हाला वाटलं रडत आहेत. ते तोंडात उपरण्याचं टोक कोंबून हसत होते.

आता मला सांगा, सकाळी अंगणात जे झालं आणि दुपारी निंबाखाली जे झालं, त्यात फरक काय? तीच मिशी, तोच हात, तीच बोंब. पहिली पाहून माणूस पाठ फिरवतो आणि दुसरी पाहून त्याला हसू आवरत नाही. मन शुद्ध झालं म्हणावं तर तसं काही दिसलं नाही. पोटाशी संबंध नाही म्हणावं तर बहुरूप्याचा डोळा सूपभर कापसावर होता. मला एवढंच दिसलं की दुसऱ्या वेळी मिशी कोणाची दुखत नव्हती, आणि म्हणून ती सगळ्यांना नीट पाहता आली. ज्याची होती त्याला सुद्धा.

पण खरी गोष्ट पुढं आहे. बहुरूपी पाहुण्यांची चाल चालू लागला, आणि पाहुण्यांचं हसू थांबलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. अपमान माणूस गिळतो, पण आपली नक्कल चुकीची झालेली त्याला पाहवत नाही. ते गाडीतून खाली उतरले. बूट चढवले.

"मी असा नाई चालत," ते म्हणाले. "पाह्य."

आणि ते चालले. बूट चावत होतेच, पण आता ते मुद्दाम चावून घेत होते. छाती पुढं, छत्री काखेत, निंबाला एक फेरी. बहुरूपी त्यांच्या मागं लागला. ते वळून त्याला सांगत होते की खांदा असा, हनुवटी अशी, घाई नको. दुसऱ्या फेरीत गावाला हसू फुटलं आणि पाहुण्यांना ते आवडलं. हे मला त्यांच्या मानेवरून कळलं.

आणि मग माझे पाय हलले. बाबांनी धोतर धरलं होतं, ते त्यांच्या हातून सुटलं. मी भिंतीकडे पाहायचं ठरवलं होतं, शपथेवर सांगतो, पण मधे भिंतच नव्हती. पाहुणे पुढं, बहुरूपी मागं, आणि त्याच्या मागं मी, छाती काढून, काखेत नसलेली छत्री धरून. चार पावलं टाकली असतील नसतील, पाहुणे वळले.

बाबा खाली बसले. पाहुण्यांनी बहुरूप्याला हातानं बाजूला केलं आणि माझ्याकडे पागोट्यापासून पायापर्यंत पाहिलं. मी तसाच उभा, एक पाय वर. तो खाली ठेवावा की नाही हे मला कळेना.

"टाच," ते म्हणाले. "पहिले टाच टेकव. मंग चवडा. बूट चावते ना, म्हनून."

मी टाच टेकवली.

"आता चाल."

मी चाललो. निंबाला पूर्ण फेरी घातली. ते कंबरेवर हात ठेवून पाहत राहिले, आणि मी परत आलो तेव्हा मध्यस्थांकडे वळून म्हणाले, "माही पोट्टी याच्याहून बरी चालते. रोज चालते, माह्या मांगं, तिले वाटते मले दिसत नाई." मग बाबांकडे पाहिलं, त्यांच्या काळ्या बोटांकडे पाहिलं, आणि आवाज पुन्हा भारदस्त करून म्हणाले, "पोट्ट्याले पाठवा तिच्यापाशी. शिकन काई."

मायनं ताक पुन्हा पाठवलं. या वेळी तांब्या रिकामा आला.

बहुरूप्यानं त्यानंतर बाबांशी मोठा वाद घातला. बाबांचं म्हणणं, तिसऱ्या दिवशी तू आम्हाला फसवलंच नाहीस, मग कापूस कशाचा. त्याचं म्हणणं, मी देवळात झोपलेलो असताना तुम्ही फसलात, असा बहुरूपी तुम्हाला वऱ्हाडात दुसरा दाखवता येईल का. बाबा सूप आणायला उठले. ते भरून द्यावं लागलं, वर पाहुण्यांनी स्वतःचा मखमली अंगरखा काढून दिला. उकडत होतं त्यांना सकाळपासून.

लग्न वैशाखात झालं. चार दिवसांनी सगळे पाहुणे पांगले तेव्हा मागच्या अंगणात पहिल्यांदा आम्ही दोघंच होतो. ती तांदूळ निवडत होती. मी फार विचार करून एक वाक्य तयार केलं होतं, ते विसरलो, आणि म्हणालो की तुमच्या वडिलांची चाल करून दाखवता का.

तिनं मान वर केली नाही. "आधी तुमी माह्या बाची बोंब करून दाखवा," ती म्हणाली. "तुमचे बाबा मिशी ओढत होते तवाची."

मी ओठावर बोट धरलं आणि मनापासून बोंब मारली. शेजारच्या घरात भांडं पडलं. तिनं सूप बाजूला ठेवलं, पदर खोचला, आणि गंभीरपणे म्हणाली, "नाई. असे नाई वरडत बा." मग उभी राहून तिनं ती बोंब मारली, आणि बाबा आतून कानांवर हात ठेवून धावत बाहेर आले.